फोर बाय फोर निवडली ती डांबराकडे बघून

मोठी एसयूव्ही घ्यायची असं घरात ठरलं तेव्हा चर्चा तिसऱ्या रांगेतल्या सीटवर झाली, डिकीवर झाली, रंगावर तर नको तितकी झाली. फोर व्हील ड्राइव्ह हवीच, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण कोणती, हे कुणी विचारलं नाही. मला तो प्रश्न पडला सगळी ब्रोशर शेजारीशेजारी मांडल्यावर. एकावर ‘फोर बाय फोर’, दुसऱ्यावर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’, तिसऱ्यावर कंपनीने स्वतःच ठेवलेलं एखादं भारदस्त नाव. फोटो मात्र सगळीकडे तोच, चिखल उडवत निघालेली गाडी. आतल्या यंत्रणा एकमेकींपासून इतक्या वेगळ्या, की एकीत जे बिनधास्त करायचं तेच दुसरीत केलं तर महागाची मोडतोड होऊ शकते.

मी इंजिनिअर नाही. पण घरात सगळ्यात जास्त गाडी मी चालवते, आणि एकदा घेतलेली गाडी आम्ही वर्षानुवर्षं वापरतो. सीट कव्हर बदलता येतं, म्युझिक सिस्टीम बदलता येते, ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, बदलता येत नाही. म्हणून हा एक भाग नीट समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही असं मी ठरवलं. त्यात बराच वेळ गेला, आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

आधी आमचा वापर कागदावर उतरवला. बहुतेक सगळा हायवे. पावसात भरपूर ड्रायव्हिंग. हिवाळ्यात डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, जिथे उन्हाच्या बाजूला डांबर कोरडं ठणठणीत असतं आणि वळणाआडच्या सावलीत बर्फाचा पातळ थर. मागे बऱ्याचदा जड ट्रेलर. आणि शेवटी थोडी कच्ची वाट, तिच्यात एक उभा चढ, पाऊस झाला की चिकट चिखल. वाळूच्या टेकड्यांवर जायचं नव्हतं, खडकांवरून गाडी चढवायची हौस नव्हती. चालवणारे तिघं: मी, नवरा आणि नुकतंच लायसन्स मिळालेली मुलगी.

हा कागद घेऊन मी आमच्या जुन्या गाडीचं काम बघणाऱ्या मेकॅनिक काकांकडे गेले. माझं बोट त्या चिखलाच्या चढावर होतं. म्हटलं, “काका, इथून वर जाईल अशी सगळ्यात दणकट सिस्टीम सांगा.” त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “ताई, सगळ्यात वाईट जागा कुठली ते नंतर बघू. आधी सांगा, रस्ता बदलतो किती वेळा?”

हा प्रश्न मला कुठल्याही ब्रोशरमध्ये दिसला नव्हता. पुढची सगळी निवड मात्र त्याच्यावरच झाली.

तो का महत्त्वाचा, हे कळायला पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह समजून घ्यावी लागते. ही जुनी आणि दणकट पद्धत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये हीच होती, टोयोटा लँड क्रूझरच्या ७० मालिकेत आणि साध्या जीप रँग्लरमध्येही हीच. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना. लिव्हर ओढला किंवा नॉब फिरवला की ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारे दोन दांडे, म्हणजे शाफ्ट, एकमेकांना जोडले जातात आणि एकाच वेगाने फिरायला लागतात. चिखलात नेमकं हेच हवं असतं. मागची चाकं घसरली तरी पुढचा शाफ्ट फिरतच राहतो. बरेच जण याला ताकदीची निम्मी-निम्मी वाटणी म्हणतात, पण इथे सारखा असतो तो वेग. ताकद जिथे पकड आहे तिकडे जाते. मागची दोन्ही चाकं बर्फावर आणि पुढची खडीवर असतील तर जवळजवळ सगळी पुढेच जाते.

घोळ होतो वळणावर. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबचा पल्ला मारतात. किती लांबचा, ते मी वहीत मांडून पाहिलं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.८५ मीटर धरलं, मोठ्या एसयूव्हीत साधारण तेवढं असतं. मागच्या ॲक्सलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याचा, मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतोय असं धरलं. मग पुढच्या ॲक्सलची त्रिज्या साधारण ५.७५ मीटर येते. एका पूर्ण फेरीत मागचा ॲक्सल ३१.४ मीटर चालतो आणि पुढचा ३६ मीटरहून थोडा जास्त. एका फेरीत जवळपास पावणेपाच मीटरचा फरक! आणि शाफ्ट तर एकमेकांना बांधलेले, तीन पायांच्या शर्यतीतल्या जोडीसारखे. ओल्या मातीत टायर जरा घसरतात आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर सहजी घसरत नाही. मग तो ताण शाफ्टमध्ये, जॉइंटमध्ये, गिअरच्या दात्यांवर साठत जातो.

काकांनी त्यांची स्वतःची जुनी पार्ट-टाइम गाडी एका मोकळ्या पार्किंगमध्ये आणली आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. जमीन कोरडी, वेग माणसाच्या चालीइतका. टू-एचमध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या दोन चाकांना असताना, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून गोल मारला, गाडी सहज फिरली. मग फोर-एच टाकलं, म्हणजे दोन्ही शाफ्ट जोडले, आणि तसाच गोल सुरू केला. सुरुवातीला काहीच वेगळं वाटलं नाही. अर्ध्या वर्तुळानंतर गाडी जड झाली, ब्रेक थोडा लागलेलाच राहावा तशी. ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागला. स्टिअरिंग माझ्या हातातून सरळ व्हायला बघत होतं. आणि मग पुढून ‘चर्र’ असा आवाज आला, टायर थोडा घसरला, अख्ख्या बॉडीला हिसका बसला आणि क्षणभर गाडी मोकळी झाली. की पुन्हा जड. काका म्हणाले, “बास, थांबा. आता टू-एचमध्ये काढा.”

लिव्हर हलेना. दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. काकांनी स्टिअरिंग सरळ करायला सांगितलं, रिव्हर्समध्ये काही मीटर मागे घ्यायला लावलं, आणि मागे जाता जाता लिव्हर ‘खट’ करून एका बोटाने सुटला. साठलेला ताण उलट्या दिशेने निघून गेला होता. वहीतले पावणेपाच मीटर काय करतात ते त्या अडकलेल्या लिव्हरने मला दाखवलं, आणि फोर बाय फोर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने जाणत्या माणसाला शेजारी बसवून, अगदी हळू, एकदा तरी हे अनुभवावं असं मला वाटतं.

आता आमचा डोंगरातला रस्ता आठवा. उन्हात कोरडं डांबर, सावलीत बर्फ, पुढच्या वळणावर परत कोरडं, आणि त्यातली काही वळणं अगदी तीव्र. पार्ट-टाइममध्ये प्रत्येक सावलीआधी फोर-एच टाका आणि प्रत्येक कोरड्या वळणाआधी काढा. टाकायला विसरलात तर मागे ट्रेलर, ताकद फक्त मागच्या चाकांना आणि चाकांखाली बर्फ. काढायला विसरलात तर ताण गाडीवर, शिवाय वळणावर गाडी सरळ जायला बघते. हे मला एक वेळ जमेल. नव्याने शिकलेल्या मुलीकडून ती अपेक्षा ठेवणं योग्य नाही. पार्ट-टाइम इथेच यादीतून गेली.

यात त्या यंत्रणेचा काही दोष नाही. जिथे एकदा डांबर सुटलं की तासन्‌तास माती, वाळू किंवा बर्फच असतो, तिथे तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. भाग कमी, दुरुस्ती सोपी, सेन्सरवर भिस्त नाही, आणि एरवी हायवेवर गाडी दोनच चाकांवर चालते. असा रस्ता ज्यांचा आहे त्यांनी दुसरीकडे बघूही नये.

दुसरा प्रकार फुल-टाइम. डिफरेन्शियल म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी; दोन्ही ॲक्सलवर एकेक असतंच. यात पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये तिसरं असतं. पावणेपाच मीटरचा फरक हे मधलं डिफरेन्शियल पचवतं, म्हणून कोरड्या डांबरावरही चारही चाकांना कायम ताकद देता येते. १९७० ची पहिली रेंज रोव्हर आणि १९७७ ची लाडा निवा, दोघींतही हेच तत्त्व होतं. १९८० मध्ये आलेल्या ऑडी क्वाट्रोने ते वेगवान, रस्त्यावरच्या गाड्यांत लोकांच्या नजरेत भरवलं.

पण साध्या, उघड्या डिफरेन्शियलची एक खोड आहे आणि ती समजल्याशिवाय फोर व्हील ड्राइव्ह कळलीच नाही म्हणायला हरकत नाही. ते दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. ऐकायला न्यायाचं वाटतं, पण एका बाजूला पकडच नसेल तर तिथे टॉर्क जवळजवळ शून्य, आणि म्हणून दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. मध्ये असं डिफरेन्शियल आणि दोन्ही ॲक्सलवरही तसलंच, अशी गाडी असेल तर चारातलं एकच चाक गुळगुळीत बर्फावर गेलं तरी तेवढं चाक जागच्या जागी फिरत राहील आणि उरलेली तीन चाकं ढिम्म हलणार नाहीत. म्हणून फुल-टाइम गाडीत मधलं डिफरेन्शियल लॉक करायची सोय आहे की नाही हे विचारलंच पाहिजे. लॉक केलं की ती गाडी त्या वेळेपुरती पार्ट-टाइमच्या फोर-एचसारखी वागते, तिच्या सगळ्या गुणांसकट आणि कोरड्या डांबरावरच्या सगळ्या धोक्यांसकट.

टॉर्सन नावाचा एक प्रकार मला फार आवडला. त्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. गिअरची रचनाच अशी, की एक बाजू जोरात फिरू लागली की ताकद आपोआप दुसऱ्या, संथ बाजूकडे वळते. लँड क्रूझर २०० मध्ये मधलं डिफरेन्शियल याच प्रकारचं होतं. एरवी वाटणी पुढे ४० आणि मागे ६० टक्के, आणि वर लॉकची सोय वेगळी. लॉक कशाला, तर टॉर्सन हा पकड कमी असलेल्या बाजूच्या टॉर्कच्या काही पट टॉर्क दुसऱ्या बाजूला देतो. एक बाजू पूर्ण हवेत असेल तर शून्याची पट शून्यच. हे कळल्यावर मी ब्रोशरमधला ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द बघून निर्धास्त होणं सोडून दिलं.

तिसरा प्रकार क्लचवाला, आणि आज बाजारात हाच सगळ्यात जास्त दिसतो. नेहमीची चाकं दोन, आणि उरलेल्या दोघांना तेलात बुडालेल्या प्लेट्सचा क्लच गरजेप्रमाणे जोडतो. १९९८ मध्ये हॅल्डेक्स कपलिंग नावाचा असा क्लच आला आणि आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत अशी व्यवस्था झपाट्याने पसरली. उभ्या इंजिनाच्या गाड्यांत हाच क्लच ट्रान्सफर केसमध्ये बसतो, बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हमध्ये आहे तसा. ओल्या हायवेवर, पावसात, हलक्या बर्फात हे उत्तम काम करतं. आताच्या गाड्या चाक घसरायची वाटही बघत नाहीत, ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर क्लच आधीच आवळतात. माझ्या बहिणीकडे अशीच सात सीटची गाडी आहे. तिची वाट दारापर्यंत डांबरी आहे आणि तिला ही यंत्रणा चोख बसते.

माझी शंका उष्णतेची होती. चिखलाच्या उभ्या चढावर, मागे जड ट्रेलर घेऊन क्लच सतत घासत राहिला तर तो तापतो. खोल वाळूत किंवा चिखलात बराच वेळ झुंजल्यावर अशा बऱ्याच गाड्या स्वतःला वाचवण्यासाठी क्लच सोडून देतात आणि डॅशबोर्डवर सूचना येते: थंड होऊ द्या. नेमकं मधोमध. म्हणून अशा गाडीच्या शोरूममध्ये मी दोन गोष्टी विचारत गेले. क्लच पूर्ण आवळून धरणारा लॉक मोड आहे का, आणि तो किती वेगापर्यंत टिकतो. आणि त्या क्लचचं तेल कधी बदलायचं. पहिल्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळालं. दुसऱ्याचं शोरूममध्ये क्वचितच मिळालं, सर्व्हिसवाल्यांना मात्र नेमकं ठाऊक होतं. तेव्हापासून मी विक्रेत्याशी बोलून झालं की मागच्या बाजूला वर्कशॉपमध्ये जाऊन दोन शब्द बोलायची सवयच लावून घेतली.

मग या सगळ्यांची मिश्रणं आहेत. मित्सुबिशी पजेरोत १९९१ मध्ये आलेली सुपर सिलेक्ट हे त्याचं सुंदर उदाहरण: दोन चाकं, चार चाकं मधल्या डिफरेन्शियलसह, चार चाकं मधलं लॉक करून, आणि लो रेंज (तिच्याबद्दल पुढे). हव्या त्या वेळी हवी ती. जीपच्या सिलेक-ट्रॅकमध्येही पार्ट-टाइम आणि फुल-टाइम दोन्ही पर्याय एकत्र मिळतात. मोठ्या अमेरिकन एसयूव्हींत ‘ऑटो’ नावाची चौथी जागा असते, तिच्यामागे बहुधा क्लच असतो. मला या मिश्रणांचा मोह झाला, अजूनही आहे. फक्त एक खबरदारी घ्यावी लागते. नॉबवर ‘फोर-एच’ लिहिलंय म्हणजे ते कोरड्या डांबरावर चालेलच असं नाही; एका गाडीत त्या जागी मधलं डिफरेन्शियल आहे, दुसरीत शाफ्ट सरळ जोडलेले आहेत. उत्तर फक्त ओनर्स मॅन्युअलमध्ये असतं. मी प्रत्येक गाडीचं मॅन्युअल घेण्याआधी मिळवलं आणि त्यात कोरड्या, पक्क्या रस्त्याबद्दलचा इशारा शोधला. ‘या मोडमध्ये कोरड्या पक्क्या रस्त्यावर चालवू नका’ हे वाक्य ज्या मोडखाली छापलंय, तो मोड आमच्या डोंगरातल्या रस्त्याला निरुपयोगी. इतकी सोपी चाळणी दुसरी नाही.

लो रेंजचा प्रश्न वेगळा, आणि तिथे मात्र सगळ्यात वाईट जागेकडेच बघायचं. लो रेंज म्हणजे ट्रान्सफर केसमधली आणखी एक गिअरची जोडी. रँग्लरच्या साध्या आवृत्तीत तिचं प्रमाण २.७२, म्हणजे चाकावरचा जोर तितक्या पट आणि वेग तितक्या पटीने कमी; रुबिकॉन आवृत्तीत ४. एकाच मॉडेलच्या सगळ्या आवृत्त्यांत ती असेलच असं नाही. जीप ग्रँड चेरोकीत ‘क्वाड्रा-ट्रॅक १’ या यंत्रणेत लो रेंज नाही, ‘क्वाड्रा-ट्रॅक २’ मध्ये आहे. बाहेरून बघून सांगता येणार नाही.

चढण्यासाठी लो रेंज लागते हे सगळ्यांना माहीत असतं. मला ती जास्त मोलाची वाटली ती उतरताना. चिखलाच्या उतारावर ब्रेक दाबला की चाक अडकून घसरायची भीती. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, पाय ब्रेकवर न ठेवता. हिल डिसेंट कंट्रोल हेच काम ब्रेकने करतं आणि चांगलं करतं, पण लांब उतारावर ब्रेक तापतात, इंजिनाला तो त्रास नाही.

आणि ट्रेलर! चढावर ट्रेलर मागे ढकलत वळवणं हे सगळ्यात अवघड काम, कारण तिथे इंचाइंचाने सरकावं लागतं. लो रेंजमध्ये ते इतकं निवांत होतं की मुलीलाही लगेच जमलं. पण इथेच एक बारीक मुद्दा निघाला, ज्याने माझा निर्णय जवळपास पक्का केला. पार्ट-टाइम गाडीत लो रेंज म्हणजे शाफ्ट जोडलेले, म्हणजे पक्क्या जागेवर ट्रेलर तीव्र वळवताना पुन्हा तोच ताण, तेच हिसके. काही फुल-टाइम गाड्यांत लो रेंज आणि मधलं लॉक ही दोन वेगळी बटणं असतात. लो रेंज घ्या, मधलं मोकळं ठेवा आणि कोरड्या काँक्रीटवरही हवं तसं वळवा. दोन वेगळी बटणं आहेत की एक, हे टेस्ट ड्राइव्हच्या वेळी मी स्वतः दाबून बघायला लागले.

राहता राहिली ॲक्सलवरची लॉक. मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये १९९० पासून फुल-टाइम यंत्रणेसोबत तिन्ही डिफरेन्शियल लॉक करता येतात, आणि ते बघून मनात येतंच की आपल्यालाही हवं. एका ठिकाणी टेस्टसाठी मातीचा ट्रॅक केलेला होता. तिरक्या खड्ड्यांत गाडी अशी उभी राहते की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जवळजवळ हवेत. मधलं लॉक केलेलं असूनही ॲक्सिलरेटर दिल्यावर तीच दोन चाकं भिरभिरली, कारण ॲक्सलवरची डिफरेन्शियल उघडी होती. मी पाय उचलणार, तेवढ्यात शेजारचे विक्रेते म्हणाले, “सोडू नका, तसाच धरा.” एक क्षण गेला. मग खालून टर्रटर्र आवाज आला, भिरभिरणाऱ्या चाकांना ब्रेक लागला आणि जमिनीवरची दोन चाकं गाडीला शांतपणे पुढे घेऊन गेली. ट्रॅक्शन कंट्रोल फसव्या चाकावर ब्रेक लावून तिथला टॉर्क वाढवतं, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही तेवढा जातो. उघड्या डिफरेन्शियलची खोडच इथे कामाला लावलेली आहे. मला हे पाहून खरोखर आनंद झाला.

मेकॅनिकल लॉकला हा क्षणभराचा उशीर नसतो आणि तिथे ब्रेक तापत नाहीत, म्हणून खडकांवर रोज जाणाऱ्याला ते लागतंच. आमच्या एका चढासाठी चांगलं ट्रॅक्शन कंट्रोल पुरेसं होतं. मागचं लॉक असलेली महागडी आवृत्ती आम्ही घेतली नाही.

टायरचा विषय शोरूममध्ये कुणी काढत नाही, तो मला काकांनी काढायला लावला. चार चाकं एकमेकांना बांधली म्हणजे चारही टायर सारखे झिजलेले हवेत. हेही मी मांडून पाहिलं. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर. समजा पुढचे दोन नवे आणि मागचे दोन झिजून ३ मिलिमीटरवर आलेले. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, घेरात साधारण ३१. मोठ्या एसयूव्हीचा टायर एका किलोमीटरात चारशेच्या वर फेरे घेतो. म्हणजे दर किलोमीटरला साधारण १३ मीटरचा फरक, आणि तोही सरळ रस्त्यावर! फुल-टाइम गाडीत मधलं डिफरेन्शियल तो अखंड पचवत बसतं, क्लचवाल्या गाडीत क्लच अखंड घासतो. पंक्चरनंतर दोनच टायर बदलून वेळ मारून न्यायची आमच्या घरची सवय या गाडीला चालणार नव्हती, आणि हे घेण्याआधी कळलेलं बरं.

दुसरं, थांबण्याचं. चार चाकांची ताकद गाडीला निघायला आणि चढायला मदत करते. थांबताना प्रत्येकच गाडीला चार चाकांचे ब्रेक असतात, फोर बाय फोर तिथे काहीच जास्त देत नाही. उलट मोठी गाडी जड, ट्रेलरसह आणखी जड. बर्फावर गाडी इतक्या सहज वेग घेते की रस्ता निसरडा आहे हेच जाणवत नाही, आणि ब्रेक दाबल्यावर कळतं. म्हणून हिवाळ्याचे वेगळे टायर आम्ही गाडीच्याच हिशोबात धरले. साधारण ७ अंशांखाली नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. मला कुणी विचारलं की पैसे दोनपैकी एकावरच घालायचे, ॲक्सल लॉकवर की चांगल्या टायरवर, तर मी एका क्षणात टायर म्हणेन.

शेवटी घेतली ती फुल-टाइम: मध्ये लॉक करता येणारं डिफरेन्शियल, लो रेंजचं बटण वेगळं, ट्रॅक्शन कंट्रोल चांगलं. मॉडेलपेक्षा ही तीन वाक्यं सांगणं मला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण तुमचा कागद वेगळा असेल. हायवेवर ती दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीपेक्षा थोडं जास्त इंधन पिते, ते आम्ही समजून उमजून मान्य केलं.

पहिल्याच आठवड्यात मुलीला मोकळ्या जागेत नेलं आणि मधलं डिफरेन्शियल मोकळं ठेवून, मग अगदी थोड्या अंतरासाठी लॉक करून, अगदी हळू गोल मारायला लावला. फरक तिने हातात अनुभवला, समजावून सांगायची गरज पडली नाही. महिन्यातून एकदा मी लो रेंज आणि लॉक दोन्ही मातीच्या जागेवर घालून काढते, कारण न वापरलेली यंत्रणा नेमक्या वेळी अडकून बसते. ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सलची तेलं इंजिन ऑइलच्या शेजारी वहीत लिहिली आहेत. स्टेपनी त्याच मापाची, त्याच मेकची घेतली, आणि पाचही टायर आलटूनपालटून फिरवतो, म्हणजे पंक्चर झालंच तर चढणारं चाक बाकीच्या तिघांइतकंच झिजलेलं असतं.